मंत्रीमहोदय, कायदा तुमचाच आहे, निदान तुमच्या लोकांना तरी वाचायला द्या (खुले पत्र)

मा. मंत्रीमहोदय,
महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, त्यावरून ज्याच्याबद्दल लिहितोय तो पोरगा ओळखू येईल आणि तसं काही छापायचं नाही हे तुमच्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मधे आहे. मोटार भरणाऱ्या माणसाला कलमं कशी पाठ असं वाटलं असेल तर सांगतो, वेळ आली म्हणून पाठ झाली.

माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, आम्ही भरून देतो, म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. गेल्या सहा वर्षात माझ्या वहीप्रमाणे 31 पोरं इथं शिकून गेली, त्यातली निम्मी तरी आधी शेतातल्या केबली कापणारी. जो पोरगा रात्री विहिरीवरची केबल कापून, जाळून, तांबं विकायचा तोच आता माझ्या बाकड्यावर बसून तांब्याची कॉइल भरतो. टर्न (तारेचे वेढे) मोजताना त्याचे ओठ हलतात, मधेच कुणी हाक मारली तर डाव्या हाताचं बोट वर करतो, म्हणजे थांबा, आकडा चुकेल. (कामगार खात्याने धावत येऊ नये, पोरगा 17 चा आहे, वार्निश आणि भट्टीजवळ मी जाऊ देत नाही.)

तर परवा शनिवारी, कानबाईच्या (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण) आदल्या दिवशी, भर दुपारी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. वर्दीतले दोघं. काय झालं विचारलं तर म्हणे गावात मोबाईल गेलेत, याचं नाव यादीत आहे. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, त्यांच्यासमोर पोराला मधे बसवून ट्रिपल सीट घेऊन गेले. हातात टर्न मोजायची वायर होती ती तशीच खाली पडली. मी मागोमाग ठाण्यात गेलो. विचारलं, साहेब इथले बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण? तर टेबलावरचा माणूस म्हणतो, काका इथं बालवाडी नाहीये.

हसायला येतं ना? मला पण आलं असतं.

मंत्रीमहोदय, कलम 107 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी पाहिजे. पोराशी साध्या कपड्यात बोलायचं, पालकांना कळवायचं, लॉकअपमधे टाकायचं नाही, 24 तासात बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. हे मी नाही, 2015 चा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात, आणि कायदा जानेवारी 2016 पासून लागू आहे. पोराला रात्री 11 ला सोडलं. कागद नाही, नोंद नाही, मोबाईल पण नाही, कारण त्याने घेतलाच नव्हता. गालावर मात्र चार बोटं. घरी त्याची आई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण करून बसलेली, त्याच्या नावाची गव्हाची मूठ त्यात धरलेली. दुपारी रडत दुकानात आली होती, भाऊ, मना पोऱ्याले लई गयात, आते काय करू? (माझ्या पोराला घेऊन गेले, आता काय करू?) मी काय सांगणार, मीच ठाण्याबाहेरच्या बाकावर बसायला निघालो होतो.

रविवारी पोरगा आला नाही. सोमवारी मी घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. एकच वाक्य बोलला. आप्पा, चोरी करी तरी बी मार, नही करी तरी बी मार, मंग फरक काय शे?

याचं उत्तर तुमच्या विभागाकडे असेल तर जावक क्रमांक टाकून पाठवा.

आता तुमच्या लोकांच्या शब्दाबद्दल. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावाला बालहक्काचा मोठा कार्यक्रम झाला, मला बोलवून सत्कार केला. एका मान्यवरांनी (नाव जाऊ द्या) माईकवर सांगितलं की तीन महिन्यात तालुक्याला समुपदेशक देऊ आणि या पोरांना टूलकिट देऊ. नारळ आम्ही त्याच आठवड्यात खाल्ला, शाल अजून कपाटात आहे, समुपदेशक बहुतेक एसटीने निघालेत, येतीलच. मी पाच अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की विषय दुसऱ्या विभागाचा आहे, दुसऱ्या विभागाने सांगितलं पहिल्याकडे जा, बाकीचे तीन कुठे गेले त्यांनाच माहीत.

पोलिसांवर सरसकट बोलतोय असं समजू नका. हा पोरगा मला एका हवालदारानेच आणून दिला होता. केबलच्या केसमधे पंधराव्या वर्षी सापडला, तेव्हा ते म्हणाले होते, आप्पा याला तुमच्याकडे बसवा, घरी बसला तर परत जाईल. दर आठवड्याला चहाला यायचे, पोराला विचारायचे आज किती टर्न टाकले. त्यांची बदली झाली. म्हणजे तुमची अख्खी यंत्रणा आमच्या गावात एका माणसाच्या खिशात होती आणि तो माणूस गेला.

ती केबलची केस? अजून चालूच आहे, 14 महिने झाले. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा, कलम 14 म्हणतं चौकशी चार महिन्यात संपवा, फार तर दोन वाढवा, आणि तरी नाही संपली तर किरकोळ गुन्ह्याचं प्रकरण तिथंच बंद. बंद! मी स्वतः वाचलं, वकिलाला दाखवलं, तो म्हणाला बरोबर आहे पण असं होत नसतं. पोराची आई कापूस वेचायची मजुरी बुडवून 11 वेळा जिल्ह्याच्या गावाला जाऊन आली, दर वेळी पुढची तारीख.

आणि ती केबल विकत घेणारा भंगारवाला कुठे आहे? दुकानातच आहे, नवीन शटर बसवलंय. मोठ्या माणसाने पोराकडून बेकायदा काम करून घेतलं तर कलम 83 प्रमाणे सात वर्षं आणि पाच लाख दंड आहे, आमच्या भागात ते कुणाला लागलेलं मी तरी बघितलं नाही. गिरणा नदीच्या काठी जाऊन बघा रात्री, वाळूचे ट्रॅक्टर सोळा वर्षाची पोरं पळवतात. अल्पवयीनाला गाडी दिली तर मालकाला तीन वर्षं, हे 2019 ला मोटार वाहन कायद्यात आणलं तुम्ही लोकांनीच. पकडलं तर पोरगं पकडतात, मालक दुसऱ्या दिवशी तहसीलच्या चहाच्या टपरीवर. नशेच्या गोळ्या विकणाऱ्याचं पण तेच, पोराच्या खिशात चार सापडतात, पोराला देणारा कधीच सापडत नाही, मग टीव्हीवर चर्चा की आजकालची पिढी बिघडली. देशात वर्षाला 30 हजाराच्या वर केसेस अल्पवयीन पोरांवर होतात, पकडलेल्यात चारातले तीन 16 ते 18 चे. महाराष्ट्र वरच्या नंबरात असतो, आपण उद्योगात पण पुढे, यात पण.

मे 2024 ला पुण्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. अल्पवयीन पोराच्या हातात महागडी गाडी, दोन जीव गेले, पोराला आधी 300 शब्दाचा निबंध लिहायला सांगून सोडलं, बोंबाबोंब झाली तेव्हा निरीक्षणगृहात. लोक म्हणाले कायदाच फालतू. मला तसं नाही वाटत. जामीन, समुपदेशन, सुधारायची संधी हे कायद्यात आहेच आणि असलंच पाहिजे. माझं भांडण एवढंच की तोच कायदा पुण्यात काही तासात सापडतो आणि आमच्याकडे 14 महिन्यात नाही. माझ्या पोराला सांगितला असता निबंध, आठवी पास असून त्याला दहा ओळी लिहिता येत नाहीत ती गोष्ट वेगळी, ते खातं दुसऱ्या मंत्र्याचं.

चौदाव्या वर्षापर्यंत शिक्षण हक्काचं, अठराव्याला मतदार. मधली चार वर्षं पोरगं कुणाचं? सध्या माझं. माझ्यासारख्या बीपीच्या दोन गोळ्या खाणाऱ्या माणसाचं, ज्याच्या बायकोने पतसंस्थेच्या कर्जाच्या हप्त्याची पावती काल ताटाशेजारी ठेवली आणि काहीच बोलली नाही. शनिवारच्या चार गिऱ्हाईकांपैकी दोघं मोटारी उचलून घेऊन गेली. एकजण सरळ म्हणाला, आप्पा तुमच्याकडे चोरटे आहेत, माझी मोटार तांब्यासकट परत येईल ना? वीस वर्षाचं गिऱ्हाईक. मी या पोरांचा कोण? ना पगार, ना मानधन, ना ओळखपत्र. ठाण्यात विचारलं तुम्ही नात्याने कोण, तर मला सांगता येईना.

माझ्याच गावाजवळच्या अमळनेरात साने गुरुजींनी 1924 ते 1930 शिकवलं, छात्रालयातली पोरं सांभाळली. तुमच्यातले जे येतात ते तिथे हार घालून जातात. हाराच्या खर्चात एक वायर स्ट्रिपर (वायर सोलायचं हत्यार) येतो, मी किंमत विचारून ठेवलीय.

मागायचं ते राहिलंच. मोठं काही नाही. ठाण्यातली ती यादी फाडा, कारण कलम 24 सांगतं की अशा पोरांचा जुना डाग पुढे आड येता कामा नये आणि मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं, इथं तर निकालच नाही आणि यादी मात्र तयार. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, पेंटरचे पैसे मी देतो. आणि समुपदेशकाची एसटी कुठे बंद पडली तेवढं बघा.

बाकड्यावर पाच एचपीची मोटार अर्धी भरून पडलीय. निम्म्या स्लॉटमधे (खाचांमधे) त्याची वायर आहे, बाकीचे रिकामे. मला भरता येते, पण त्याने टाकलेल्या टर्नचा आकडा त्याच्याच डोक्यात आहे, वहीत लिहिलेला नाही, आणि शेतकऱ्याला मी शुक्रवारचा शब्द दिलाय.

आपला,
एक मोटार भरणारा, खान्देश