रबर लावून दिलेली कादंबरी

लालबाग, मुंबई

वाचनालयातल्या ताईंस,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आमच्या चिरंजीवांच्या हातात १९४४ सालच्या गोदीतल्या स्फोटावरची रहस्यकथा ठेवलीत, त्याबद्दल हे पत्र. काउंटरवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो, त्यात काय’ म्हणत पुढच्या मेंबरचं कार्ड हातात घेता, म्हणून लिहूनच कळवते.

कादंबरी झकास आहे. गोदीतला टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारा कारकून, स्फोटाच्या आदल्या रात्री बेपत्ता होतो आणि त्याची शाळकरी मुलगी माग काढत निघते. (मधली पानं जरा रेंगाळतात, पण हे मी घरात बोलायची सोय नाही.) खरी करामत मात्र तुमच्या रबराची. खरं किती नि रचलेलं किती, हे सांगणारं शेवटचं टिपण तुम्ही रबर लावून बंद केलंत आणि अट घातलीत: आधी स्वतःची यादी कर, मग माझ्यासमोर उघड.

मग काय, घरात चौकशी आयोगच बसला! १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट पेटली, हे खऱ्यात गेलं. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकाच बोटीत कोण भरेल, म्हणून ते खोट्यात. सोन्याच्या विटा उडाल्या, हे तर हसत हसत खोट्यात.

तेव्हा टीव्हीपुढून कधी न हलणारे माझे सासरे मध्ये पडले. लहानपणी ते माझगावच्या चाळीत राहायचे. तावदानं कशी खळाखळा फुटली, जळता कापूस गच्चीवर कसा येऊन पडला, सगळं सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण यातलं अक्षरही मी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना! पुढच्या रविवारी नातवाला घेऊन ते भायखळ्याला अग्निशमन दलाचं स्मारक बघून आले. त्या आगीत ६६ जवान गेले.

रबर निघालं तेव्हा कापूस, स्फोटकं, सोनं सगळं खरं ठरलं. रचलेला होता तो क्लार्क. त्याचंच पोराला जास्त वाईट वाटलं.

१८९६ च्या प्लेगवरची अशी एखादी असली तर राखून ठेवा, रबरासकट. आणि मोठ्या टायपातलंही काही बघा. सासऱ्यांना मेंबर व्हायचंय.

आपली,
एका मेंबरची आई