नमुना देणाऱ्याचा हक्क

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

इंडोनेशियाने २००७ साली बर्ड फ्लूचे नमुने अडवून धरले, हे माणुसकीला सोडून होतं, असं तू परवा म्हणालीस. फोनवर नुसता वाद वाढला असता, म्हणून सविस्तर लिहिते. मला ते पटत नाही.

नमुना कसा भरतात हे आता तुला सांगायला नको. घशात स्वॅब फिरवायचा, खाचेपाशी काडी मोडून गुलाबी द्रावणात सोडायची, झाकण घट्ट लावायचं. नळी दुसऱ्या डब्यात, डबा खोक्यात, भोवती बर्फाच्या थैल्या. नळीवर फक्त नंबर. पुण्यात नोकरीला असताना अशी खोकी मी कितीतरी बांधली. ज्याच्या घशातून तो नमुना आला, तो माणूस तापाने फणफणलेला असतो. पुढे त्याचं काय होणार, हे विचारण्याचं त्राणही त्याच्यात नसतं.

इंडोनेशियात २००५ पासून एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूने, माणसं दगावू लागली. लागण झाली की वाचणारे थोडेच. तिथले नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या, फ्लूवर नजर ठेवण्यासाठी १९५२ पासून चालत आलेल्या जाळ्यातून परदेशी प्रयोगशाळांत जात होते, विनाअट. मग कळलं, की ऑस्ट्रेलियातली एक कंपनी त्याच विषाणूवरून लस बनवते आहे. साथ पसरली असती, तर आधी पैसे मोजून बसलेल्या देशांना लस मिळाली असती आणि इंडोनेशिया रांगेत शेवटी. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने देणंच थांबवलं.

यात धोका होता, तो मी नाकारत नाही. विषाणू कसा बदलतोय हे जगाला कळेनासं झालं असतं. पण त्यांनी पाय रोवला, म्हणूनच २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत फ्लूचे नमुने देण्याघेण्याच्या नियमांची चौकट झाली. नमुने हवे असतील, तर कंपन्यांनी करार करायचा. निदान १० टक्के लस दान देण्याचा किंवा परवडणाऱ्या दरात राखून ठेवण्याचा पर्याय त्यात आहे. विनवण्या करून हे कधी मिळालं असतं का, सांग.

पण ती चौकट फ्लूपुरती. कोरोना आला तेव्हा हाती काहीच नव्हतं. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून आखलेल्या कोवॅक्स या जागतिक योजनेची मोठी भिस्त आपल्या पुण्याच्या सीरमवर होती. २०२१ च्या मार्चअखेरीस इथे दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात जवळजवळ थांबली, ती नोव्हेंबरपर्यंत. आपल्याकडे केंद्रांवर ‘लस संपली’चे फलक होते, त्यामुळे त्या निर्णयामागची घालमेल मला समजते. तरीही मी म्हणेन, आफ्रिकेतल्या नर्स आणि डॉक्टरांपुरते डोस जात राहायला हवे होते. वर्ष संपलं तेव्हा त्या खंडातल्या दहा टक्के लोकांचंही लसीकरण पुरं झालं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा नवा प्रकार शोधून लगेच जगाला कळवलं. तो ओमिक्रॉन. बक्षीस काय मिळालं, तर दोन-तीन दिवसांत विमानं बंद! याचा मला अजून संताप येतो. अशी वागणूक मिळाली तर पुढच्या वेळी कोण खरं सांगेल?

२० मे २०२५ ला जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला, तो याच जखमांमधून. करारात सामील होणाऱ्या कंपन्यांनी साथीच्या काळात आपल्या उत्पादनातल्या २० टक्के लशी आणि औषधं जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून देण्याचं लक्ष्य ठेवायचं, आणि एकूण उत्पादनाच्या निदान १० टक्के फुकट. नेमकं कसं, ते मात्र कराराला पुढे जोडायच्या परिशिष्टावर सोडलं. खरी भांडणं तिथेच आहेत, कारण आता खोकं पाठवावंही लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाचा जनुकक्रम, म्हणजे त्याच्या जनुकांची अक्षरांत लिहिलेली ओळख, इंटरनेटवर आला आणि काही दिवसांत मॉडर्नाने त्यावरून लशीचा आराखडा तयार केला. विषाणू हातात न घेता! तेव्हा नळीला लागणारी अट संगणकावरच्या अक्षरांनाही लागली नाही, तर सगळा करार कागदावरच राहील.

तुझ्या विभागात जनुकक्रम अपलोड करतात ना? ते कोण ठरवतं, आणि नमुना घेताना रुग्णाच्या संमतीपत्रात त्याबद्दल एक ओळ तरी असते का, ते विचारून मला कळव. नसेल, तर तुझ्या मॅडमपाशी विषय काढ.

तुझी,
आई