पॉवेल-लॉय जोडी: श्रेय पडद्यामागच्यांचेही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय या हॉलिवूडच्या जुन्या नट-नटीच्या जोडीवरचा लेख वाचला. त्यात या जोडीचे सहाच चित्रपट धरले आहेत. ते झाले 'थिन मॅन' या विनोदी रहस्यपटांच्या मालिकेचे. १९३४ ते १९४७ या काळात दोघे १४ चित्रपटांत एकत्र होते. (चौदाव्यात, 'द सेनेटर वॉज इनडिस्क्रीट'मध्ये, लॉय शेवटी क्षणभर दिसते, एवढेच.) शिवाय 'थिन मॅन' म्हणजे पॉवेलने रंगवलेला गुप्तहेर निक चार्ल्स नव्हे, पहिल्या भागातला बेपत्ता संशोधक वायनंट.

पण खरी तक्रार वेगळी आहे. लेखकाने जोडीच्या यशाचे सारे श्रेय दोघांतल्या 'केमिस्ट्री'ला दिले आहे. ही जोडी जमवली ती दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने. दोघांचा पहिला एकत्र चित्रपट 'मॅनहॅटन मेलोड्रामा' त्यानेच केला; त्यानंतर 'द थिन मॅन'मध्ये निकची बायको नोरा म्हणून त्याला लॉयच हवी होती. तोवर ती परदेशी मोहिनीच्या साच्यात अडकलेली, त्यामुळे एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर राजी नव्हता. तिला तीन आठवड्यांत मोकळी करायची, या अटीवर त्याने होकार दिला. व्हॅन डाइक बहुधा पहिल्याच टेकवर समाधान मानून पुढे जाई, म्हणून त्याला 'वन-टेक वुडी' म्हणत. संवाद ताजे वाटतात त्यात या झपाट्याचा वाटा मोठा.

'द थिन मॅन'ची पटकथा फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या दांपत्याची. त्यांनी खुनाचे रहस्य मागे ठेवून नवरा-बायकोची थट्टा पुढे आणली. नवऱ्याची सहावी मार्टिनी चालू आहे हे कळताच नोरा न रागावता स्वतःसाठी आणखी पाच ओळीने मांडायला सांगते. प्रेमपटांची गोष्ट लग्नापाशी संपायची. इथे ती लग्नानंतर सुरू होते.

हॅकेट दांपत्य तिसऱ्या भागानंतर (१९३९) बाहेर पडले. व्हॅन डाइकने चौथा केला आणि १९४३ मध्ये तो गेला. पाचव्यात निक आईवडिलांच्या गावी जाऊन दारूऐवजी चक्क साइडर, म्हणजे सफरचंदाचा रस, पितो! नट तेच, पण धार गेली. नुसत्या केमिस्ट्रीवर भागत असते तर असे का व्हावे?

ज्यांना ही जोडी नव्याने पाहायची आहे त्यांनी 'द थिन मॅन'नंतर 'लायबल्ड लेडी' (१९३६) आणि 'आय लव्ह यू अगेन' (१९४०) पाहावेत; दुसरा व्हॅन डाइकचाच. 'द ग्रेट झिगफेल्ड'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर असले, तरी जोडीसाठी तो लावू नये: जवळपास तीन तासांच्या त्या चित्रपटात लॉय येते ती पार शेवटच्या टप्प्यात.

आपला,
एक वाचक, ठाणे