बँडवर बसणारी चाल

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या बँडकडून 'वंदे मातरम्' बसवून घेतोयस म्हणून लिहितो. ही चाल बँडवर बसेल का, हाच पेच राष्ट्रगीत निवडताना संविधान सभेपुढे होता. २५ ऑगस्ट १९४८ ला नेहरूंनी सभागृहात सांगितलं, की १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. जवळ 'जन गण मन'ची तबकडी होती, ती तिथल्या वाद्यवृंदाला दिली आणि सगळ्यांना आवडली. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, ती वाद्यवृंदावर वाजली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा.

मुद्दा खोटा नव्हता. देवल क्लबातल्या मैफलीत ज्या मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, आपण दाद देतो, ती ट्रंपेटच्या तीन बटणांतून निघत नाही. घसरता स्वर ट्रॉम्बोनला जमतो. 'जन गण मन'ची लय सरळ, बहुतेक ठिकाणी अक्षरागणिक स्वर, सगळं ५२ सेकंदांत.

पण 'वंदे मातरम्' बँडवर बसत नाही, हे गायक-संगीतकार मास्टर कृष्णरावांना पटलं नाही. त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली, बँडवर बसवली आणि दिल्लीत जाऊन सभासदांना ऐकवली. आक्षेपाला वाजवून उत्तर देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. पुढं २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी निवेदन केलं: 'जन गण मन' राष्ट्रगीत, 'वंदे मातरम्'ला तितकाच मान. ठराव नाही, मतदान नाही. चालीवर सभागृहात खुली चर्चा व्हायला हवी होती, याची मला अजून हळहळ वाटते.

आता तुझं काम. चाल आधी पेटीवर पक्की कर, गळ्यातल्या हरकती गाळ. सगळ्या पोरांना एकच नोटेशन देऊ नकोस, तिथंच बिघडतं. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे असतील. त्यांच्या कागदावरची पांढरी एक (सी) म्हणजे कानाला पेटीची काळी पाच (बी-फ्लॅट). त्यांचं नोटेशन एक पूर्ण स्वर वर चढवून लिही. ट्रॉम्बोनचं आहे तसंच ठेव. नाहीतर एकाच ओळीत दोन पट्ट्या आदळतात आणि पोरांना वाटतं, आपणच बेसूर.

'मातरम्'चा लांब स्वर सगळ्यांनी एकदम सोडला की गाणं तुटतं. अर्ध्यांनी धरायचा, अर्ध्यांनी श्वास घ्यायचा. पेन्सिलीनं तशा खुणा करून दे. लय आधी हळू ठेव, ड्रम शेवटी घे. नोटेशन तयार झालं की पाठव, मी पेटीवर पडताळून बघतो.

तुझा,
वसंता