लाउंड्सचा शेरीफ : दिलीपला पत्र

अटलांटा, रविवार

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

पोलीस खात्यातल्या तुझ्या निरोप समारंभाचे फोटो मिळाले. शाल, श्रीफळ, फेटा आणि मागच्या फ्लेक्सवर तुझा काळ्या मिशांचा जुना फोटो! भाषणं किती लांबली असतील ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. मला यायला जमलं नाही, त्याची भरपाई म्हणून हे पत्र. तू मागे विचारलं होतंस ना, तिकडचा शेरीफ म्हणजे आपला एसपी का?

नाही रे. एसपी नेमला जातो, त्याची बदली होते. शेरीफला काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) लोक मतं देऊन निवडतात, अलाबामात दर चार वर्षांनी. मुंबईचे नगरपालही शेरीफच, पण ते वर्षभराचं मानाचं पद; ना हत्यार, ना कोठडी. इथल्या शेरीफकडे शिपाई, जेल, कोर्टाचे समन्स बजावणं, सगळंच. कैद्यांच्या जेवणासाठी माणशी दिवसाला पावणेदोन डॉलर मिळायचे, आणि अलाबामात त्यातली शिल्लक शेरीफने खिशात घातली तरी ते कायदेशीर होतं! एका शेरीफच्या समुद्रकाठच्या घरावरून बोंब झाली, तेव्हा कुठे २०१९ मध्ये कायदा बदलला. तुझ्या खात्यातल्या काही मंडळींना हे वाचून हळहळ वाटेल.

सत्कारच करायचा तर मी ज्याचा करेन, तो शेरीफ म्हणजे जॉन ह्यूलेट. इथून अलाबामात गेलं की सेल्मा आणि मॉन्टगोमेरीच्या मधोमध लाउंड्स काउंटी लागते. आम्ही मध्यंतरी तिकडे जाऊन आलो. साठच्या दशकात जेमतेम पंधरा हजार वस्ती, त्यात दहातले आठ काळे, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत एकही काळा माणूस नाही. उलट गोऱ्यांची गंमत बघ, जितके गोरे मतदानाला पात्र त्यापेक्षा जास्त नावं यादीत! मेलेलेसुद्धा कर्तव्यदक्ष. त्या मार्चमध्ये दोन काळ्यांची नावं लागली. त्यातला एक ह्यूलेट.

तिथला कायदा म्हणजे काय होता, ते त्याच वर्षीच्या ऑगस्टवरून कळतं. मतदार नोंदणीच्या चळवळीतली काही मंडळी हेनविलच्या जेलमधून सुटली. उन्हाचं थंड काहीतरी घ्यावं म्हणून चौघं जवळच्या दुकानाकडे निघाले. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा. हा शेरीफचा मानद शिपाई. त्याने सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर नेम धरला, आणि जोनाथन डॅनियल्स नावाच्या गोऱ्या धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणाने तिला बाजूला ढकलून गोळी स्वतःवर घेतली. तो जागीच गेला. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष सोडलं. शेरीफच्या गाडीचा दिवा दिसला की काळ्या माणसाच्या पोटात गोळा यायचा, तो उगाच नाही.

मग ह्यूलेट आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःचा पक्षच काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच. डेमोक्रॅटांचा कोंबडा होता, आणि त्याच्या वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली असायची. यांनी घेतला काळा पँथर. १९६६ मध्ये यांचे सगळे उमेदवार पडले. नाव नोंदवलं म्हणून कित्येक कुळांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढलं होतं, ती महामार्ग ८० च्या कडेला तंबूत राहिली. पण पँथर मेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोरांनी आपल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षासाठी उचलला, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासोबत मुंबईत आला. दलित पँथरच्या नावाचं मूळ या कापसाच्या शेतांत आहे, हे तंबूंच्या जागी उभारलेल्या संग्रहालयात उभं राहून वाचताना मला तुझ्या काकांचा बिल्ला आठवला.

१९७० च्या निवडणुकीत ह्यूलेट शेरीफ झाला आणि बावीस वर्षं राहिला. पुढे तिथलाच प्रोबेट जज (मृत्युपत्रं, वारसाहक्क बघणारा न्यायाधीश) झाला आणि २००६ मध्ये गेला. त्या बावीस वर्षांबद्दल सांगण्यासारखा थरार मला फारसा सापडला नाही, आणि मला तेच आवडलं. समन्स, भांडणं, दारू पिऊन गाडी चालवणारे. जुने सोबती मात्र त्याच्यावर नाराज होते. पँथर सोडून तो डेमोक्रॅटांतच गेला, गोऱ्या पुढाऱ्यांशी जुळवून घेऊ लागला. तक्रार खोटी नव्हती. तरीही मी त्याच्या बाजूने आहे, कारण ज्यांना अटक करायची त्यांच्याच नातेवाइकांकडे दर चार वर्षांनी मतं मागायला जायचं आणि निवडून यायचं, हे गोड बोलून इतकी वर्षं निभत नाही. पोलिसात तक्रार करायला जाता येतं, ही गोष्ट तिथल्या अर्धं आयुष्य सरलेल्या माणसांना त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदा कळली असणार.

तू बदल्यांना नेहमी शिव्या घालायचास. पण खरं सांग, तुझ्या शेवटच्या हद्दीत निवडणूक लावली असती तर आला असतास निवडून? माझं मत तुलाच, पण मी पडलो परदेशी. वहिनींना विचारून कळव. आणि त्या यात्रेच्या बंदोबस्ताचा किस्सा आता लिहून काढ, आता कोणी मेमो देणार नाही.

तुझा,
अरुण