मिश्री, पाणी आणि कोयता

केज, जि. बीड
१० ऑक्टोबर

प्रिय वैशू,

पत्र मिळालं. ‘मुलांना तंबाखूचे तोटे नीट समजावून सांग, सोडतील,’ असं तू लिहिलंस. त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

तोटे पोरांना तोंडपाठ आहेत गं. आठवीतली एक मुलगी तोंडाच्या कर्करोगावर छान निबंध लिहिते आणि रोज सकाळी मिश्रीही लावते. दाढ ठणकत होती म्हणून आईनेच दिली. दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक रोज बुडतो. त्यापेक्षा तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायची. दुखणं बधिर होतं, भूकही मरते. पुढे मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. आजी, आई, वहिनी सगळ्या लावतात, तिथे ही एकटी वेगळी कशी राहील?

दिवाळी झाली की गाव ओस पडतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे जोडी, ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरला, पार कर्नाटकातही जातो, तो मार्च-एप्रिलपर्यंत. आईबाप पहाटेच उसाच्या फडात. भाकरी थापणं, पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं पोरीकडे. कोपीपाशी, म्हणजे तिथल्या झोपडीपाशी, संडास नसतो, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही. त्यांना मी ‘भरपूर पाणी प्या’ कुठल्या तोंडाने सांगू? जेवायलाही त्याच शेवटी बसतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, पण पोरगी फडावर गेली की तीही बंद.

मुलग्यांचं वेगळं. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे, तरी पोरगा ऊसतोडीच्या टोळीत शिरला की कुणीतरी पुडी पुढे करतोच. घेतली नाही तर ‘अजून लहान आहे’ म्हणून हसतात.

मला खात्रीने वाटतं, आधी पोरं गावात राहिली पाहिजेत. गेल्या वर्षी काही मुली हंगामी वसतिगृहामुळे मागे राहिल्या. दोन वेळचं गरम जेवण, जवळ संडास, सोबत मैत्रिणी. त्यातल्या दोघी-तिघींची मिश्री कुणी न रागावता सुटली. म्हणून सध्या संध्याकाळी घरोघर जाऊन आईबापांना विनवते आहे. सगळ्या आया अडतात त्या एकाच प्रश्नावर: ‘मग धाकट्याला कोण बघणार, बाई?’

तुझी वहिनी दातांची डॉक्टर आहे ना? दिवाळीआधी एका रविवारी तिला घेऊन ये. टोळ्या निघायच्या आत या दाढा बघून होतील. राहायची सोय माझ्याकडे.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शोभा