आज बटणं कोणी लावली?

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण डे-केअरमधली खिडकीजवळची खुर्ची आणि शर्टाची बटणं एवढं म्हटलं की पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेल.

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि दर १४ दिवसांनी केमो, अशा १२ सायकल ठरल्या. त्यातल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लावायचा नाही, हे तुम्ही बजावलं होतंत. मी तिसऱ्याच दिवशी फ्रिजमधली बाटली उचलली. बोटांत टाचण्याच टाचण्या! तरी ते माझंच कर्तृत्व.

पुढे मुंग्या दोन सायकलच्या मधल्या दिवसांतही राहू लागल्या. डॉक्टरांनी विचारलं की मी "ठीक आहे" म्हणायचो. खरं सांगितलं तर औषध कमी करतील आणि दुखणं उलटेल, ही धास्ती. तुम्ही मात्र "कसं वाटतंय?" असं विचारलंच नाहीत. आठव्या सायकलला सलाइन लावायच्या आधी म्हणालात, "आज बटणं कोणी लावली?"

मी गप्प. बायको माझ्याकडे बघत होती.

तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन केलात. ऑक्झॅलिप्लॅटिन थांबलं, बाकीची औषधं चालू राहिली. मला राग आला होता. पुढच्या खेपेला तुमच्याशी धड बोललोही नाही. तुम्ही शांतपणे समजावलंत: नसांची इजा प्रत्येक डोसागणिक साठत जाते, फार वाढली तर कायमची राहू शकते. शिवाय औषध बंद झाल्यावरही मुंग्या काही महिने वाढू शकतात, तेव्हा घाबरायचं नाही. तसंच झालं, आणि खरंच घाबरलो नाही.

आणि ती रात्र. ताप १००.८. तापाची गोळी हातात घेतलेली, तेवढ्यात बायकोला तुमचं वाक्य आठवलं: "१००.४ च्या वर गेला की आधी फोन, गोळी नंतर." पांढऱ्या पेशी पार घसरल्या होत्या. लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. गोळीनं ताप उतरला असता, इन्फेक्शन आत तसंच राहिलं असतं.

मीठ-सोड्याच्या गुळण्या, उलटीची वाट न बघता वेळेवर घ्यायची गोळी, हेही सगळं तुमचंच. त्या रागाबद्दल माफी मागायची राहिली होती, ती आता मागतो.

खालची पाच बटणं मी लावतो. गळ्याजवळचं अजून बायको लावते.

तुमचा,
खिडकीजवळचा पेशंट